स्वप्नात असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळलंय का कधी? आपापले अनुभव लिहा

जास्वंदी (विश्रामबाग, सांगली):

परवा सकाळी फिरून झाल्यावर चहाच्या गाड्यावर हा विषय निघाला आणि चहा गार झाला तरी संपेना. स्वप्न चालू आहे, आपण गाढ झोपलोय, तरी आतून पक्कं कळतंय की हे खरं नाही. निम्म्या मंडळींना मी काय बोलतेय तेच उमगेना. उरलेले म्हणाले, ‘त्यात काय एवढं, मला शाळेत असल्यापासून पडतात.’ म्हणून म्हटलं, सगळ्यांनाच विचारावं. ल्युसिड ड्रीम म्हणतात ते हेच.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, तेव्हा दोन ओळी शास्त्राच्या. जास्त करून स्वप्नं ज्या झोपेत पडतात, त्या ‘रेम’ झोपेत मेंदू मानेखालचे बहुतेक स्नायू ढिले करून टाकतो, पण बुबुळं फिरत राहतात. त्याचाच उपयोग करून १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी एका झोपणाऱ्याशी आधीच ठरवून घेतलं, की स्वप्नात भान आलं की डोळे डावीकडं-उजवीकडं फिरवायचे. त्यानं झोपेत ते फिरवले आणि डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्राच्या कागदावर रेघा उमटल्या. तोवर ‘तुम्ही अर्धवट जागे असणार’ म्हणून हा विषय उडवून लावायची पद्धत होती. पुढं २०१६ मध्ये आधीच्या बऱ्याच पाहण्या एकत्र करून बघितल्या, तर साधारण ५५ टक्के लोकांनी असं स्वप्न एकदा तरी पडल्याचं सांगितलं होतं. म्हणजे आमच्या गाड्यावरचा हिशोब बरोबर होता म्हणायचा.

एक विनंती आहे. नुसतं ‘मी उडत होतो’ लिहून पळू नका. किती वाजता झोपला होता, मध्ये उठला होता का, गोळ्या, दारू, मोबाईल, कामाची पाळी कुठली होती, तेही लिहा. मला रस तिथं आहे. आणि साप दिसला तर काय, दात पडला तर काय, हे कृपया इथं नको.

दारं_धरणारा (वाळवा तालुका):

मॅडम, मला असली स्वप्नं फक्त रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात पडतात. आमच्याकडं शेतीपंपाला एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. रात्रीची असली की नऊला जेवून आडवं व्हायचं, दोन-अडीचला उठून उसाला दारं धरायला जायचं. चारपर्यंत दोन-चार सऱ्या भिजल्या की पुढची दारं मोडून वस्तीवर येऊन परत पडतो. त्या नंतरच्या झोपेत हमखास.

एकदा काय झालं, स्वप्नात पण दारंच धरत होतो. (नशीब बघा, झोपेत तरी सुट्टी?) पाटाचं पाणी सरीत घेतलं आणि पाणी चाललं चढाकडं. आमचं रान ओढ्याकडं उतरतंय. त्या रानाचा उतार मला डोळं मिटून पण कळतो. खोरं टेकून उभा राहिलो आणि म्हटलं, हे काय खरं न्हाई, मी वस्तीवर झोपलोय. पहिला विचार काय आला असेल तर हा, की आता सापाची भीती न्हाई. बॅटरी टाकली, पायताण काढलं आणि अनवाणी उसात शिरलो. पाचट पायाला लागत होतं ते पण कळत होतं. लई मजा आली. मोटर बंद पडल्याचा आवाज आला तसा जागा झालो. ती मात्र खरीच बंद पडली होती.

दिवसाच्या लाईटच्या आठवड्यात सलग झोप होते, तेव्हा काही न्हाई.

जास्वंदी:

दादा, लोक यासाठी मुद्दाम गजर लावून उठतात आणि तुम्हाला वीज मंडळाचं वेळापत्रकच ते करून देतंय! झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं. पहिल्या चक्रांत गाढ झोप जास्त, पहाटेकडं रेम लांबत जाते. चार-पाच तास झोपून, अर्धा-एक तास नीट जागं राहून परत झोपलं की शरीर पटकन स्वप्नात जातं आणि डोकं मात्र थोडं जागं राहिलेलं असतं. ल्युसिड स्वप्नांसाठी सगळ्यात जास्त सांगितला जाणारा उपाय हाच आहे.

गावभागातली (सांगली):

माझं स्वप्न मजेचं नाही, आधीच सांगते.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या वेळी पाणी ५७ च्या घरात गेलं. नंतर घर धुतलं, रंग दिला, पण स्वप्न राहिलं. मी जिन्यात उभी, हातात कागदपत्रांची पिशवी, खालून पाणी एकेक पायरी चढतंय. सासूबाई वर हाका मारतायत आणि माझे पाय हलत नाहीत. दर पावसाळ्यात ठरलेलं. जुलै लागला की मी रात्री एक-एक वाजेपर्यंत मोबाईलवर कोयनेचा विसर्ग बघत बसायची. धरणातून किती क्युसेक सोडलं, अलमट्टीतून पुढं किती गेलं. तेच डोक्यात घेऊन झोपायची, दुसरं काय पडणार?

एका समुपदेशक ताईंनी सांगितलं, ते स्वप्न दिवसाउजेडी वहीत लिहा आणि पुढचं तुम्हाला हवं तसं बदला, मग तो बदललेला भाग रोज थोडा वेळ मनात चालवा. मी लिहिलं की पिशवी सासूबाईंकडं देते आणि पायरीवर बसते. एवढंच. दुसरं म्हणजे संध्याकाळी सातनंतर पाण्याचे आकडे बघायचे नाहीत. नवऱ्याला सांगून ठेवलं, रात्री खरंच निघायची वेळ आली तर तू उठव.

मग एका रात्री परत तोच जिना. मोबाईलवर मेसेज आला, ‘पातळी ४३ फूट’. परत बघितलं तर ७१. तिसऱ्यांदा बघितलं तर आकडाच नाही, नुसती मुंग्यांसारखी अक्षरं. तेव्हा कळलं. मी बसले पायरीवर. पाण्याला म्हटलं, थांब. ते काही थांबलं नाही. सगळे म्हणतात की कळलं की स्वप्न आपल्या मुठीत येतं, माझ्या तर नाही आलं. पाणी मांडीपर्यंत आलं, गार लागलं, मी बसून राहिले आणि भीती मात्र वाटली नाही. त्यानंतर ते स्वप्न पार गेलं असं नाही, पण आता ओळखीचं झालंय.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा):

गावभागातल्या ताई, अक्षरांचं अगदी बरोबर. स्वप्नात लिहिलेलं वाचून, नजर हलवून परत वाचलं की बऱ्याचदा बदलतं. मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, दिवसभर अभ्यासिकेत असतो. तिथं ही चाचणी करायचो. पाटीवरचं ‘शांतता राखा’ दोनदा वाचायचं, किंवा नाक दाबून श्वास घेऊन बघायचा, कारण स्वप्नात नाक दाबलं तरी श्वास आत येतो. दिवसा सवय लागली की तीच सवय स्वप्नात उतरते. शेजारच्या टेबलवरचे म्हणायचे, लगा याला राज्यघटना चढली.

पहाटे साडेचारचा गजर लावून, उठून, ‘पुढच्या स्वप्नात मला कळेल’ असं मनात घोळवत परत झोपायचो. जमलं. यवतेश्वरच्या घाटातून कासकडं रस्त्याच्या वरून उडत गेलो. खाली नेहमीची वळणं, पण कठडे नाहीत आणि धुकं उलटं, जमिनीतून वर येणारं. आनंदानं ओरडलो की संपलं, जाग यायची. मग कुठंतरी वाचलं, की स्वप्न विरायला लागलं की तळहात एकमेकांवर घासायचे. त्यानं खरंच टिकतं. तळहात गरम झालेले कळतात.

पण रोज गजर लावून हे परवडत नाही. दुपारी दोनला अर्थशास्त्रावर डोकं टेकायला लागलं. घासाघीस करून शेवटी स्वतःशी असं ठरवलं, की फक्त शनिवारी रात्री. रविवारी उशिरापर्यंत झोपायला मिळतं, रेम पण भरपूर. बाकी सहा दिवस अकरा ते सहा सरळ झोप.

अजून एक. २०२१ मध्ये चार देशांतल्या प्रयोगशाळांनी अशा झोपलेल्या लोकांना स्वप्न चालू असतानाच प्रश्न विचारले. एकाला विचारलं, आठ वजा सहा किती? त्यानं झोपेतच डोळे दोनदा फिरवून उत्तर दिलं.

खंबाटकी_निवृत्त:

हे गणित आम्हाला जागेपणी पण येत नाही.

मी एस.टी.चा ड्रायव्हर, आता रिटायर. मला कधी कळलं नाही हे स्वप्न आहे म्हणून. खंबाटकीच्या उतारावर गाडी, ब्रेक लागत नाही म्हणजे नाहीच लागत, मागं पन्नास पॅसेंजर. घाम फुटून उठायचो, बायको म्हणायची, पाय कुठं मारताय. मॅडमनी विचारलंय म्हणून सांगतो, त्या काळात रोज रात्री दोन पेग असायचे. झोप झटकन लागायची, पण पहाटे तीन-चारला हा घाट ठरलेला. डॉक्टरांनी लिव्हरसाठी सोडायला लावली, तर सोडल्यावर पहिले काही दिवस स्वप्नांचा नुसता धुमाकूळ. वाटलं, यापेक्षा पेग बरा. मग हळूहळू निवळलं. आता कधीतरी घाट लागतो, पण ब्रेक लागतो.

जास्वंदी:

काका, दारू रात्रीच्या पहिल्या भागात रेम दाबते, आणि उतरायला लागली की राहिलेली रेम पहाटे उसळून येते. रोजची एकदम सोडली तरी तेच, काही दिवस स्वप्नांचा पूर. (रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय एकदम सोडू नये, ते धोक्याचं असतं.)

कुपवाड_फर्स्ट_शिफ्ट:

मला स्वप्नंच पडत नाहीत. पुढचा विषय घ्या.

जास्वंदी:

पडतात, पण राहत नाहीत. फर्स्ट शिफ्टला पाचचा गजर म्हणजे रेमचा सगळ्यात लांब तुकडा रोज कापला जातोय. सुट्टीच्या दिवशी आपोआप जाग आली की कूस न बदलता, मोबाईलला हात न लावता तसंच पडून बघा. काहीतरी शेपूट हाती लागतं. मग ते आधी लिहायचं, चहा नंतर.

कुपवाड_फर्स्ट_शिफ्ट:

चहा नंतर? राहू दे मग.

तासगावकर:

आमचं उलटं. माझ्या हाताला कंप आहे म्हणून प्रोप्रॅनोलॉल सुरू केली होती. पंधरवड्यात स्वप्नं अशी रंगीत आणि भडक झाली, की सकाळी उठून बागेत गेलो तरी खरं कुठलं आणि रात्रीचं कुठलं ते गोंधळायला व्हायचं. घरच्यांना वाटलं, छाटणीचं टेन्शन. डॉक्टरांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, या गोळीनं होतं काही जणांना, आणि बदलून दिली. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, पण सांगा तरी. मला कुणी विचारलंच नव्हतं, ‘स्वप्नं कशी पडतात’ म्हणून.

नाईट_ड्युटी_सिस्टर (मिरज):

न्यूरो वॉर्डला आहे, पाळी बदलती. सकाळी घरी येऊन पडदे लावून दहाला झोपते. त्या झोपेत मला सुरुवातीला वेगळंच व्हायचं. जाग आलेली असते, पंखा दिसतो, शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू येते आणि बोटसुद्धा हलत नाही. छातीवर कुणीतरी बसलंय. आजीनं लगेच निदान केलं, मुंजा. उशीखाली अडकित्ता ठेवून गेली. अडकित्ता अजून आहे, आजीचा आहे म्हणून.

वॉर्डात काम करून सुद्धा स्वतःला झालं की घाबरायला होतंच. मॅडमनी वर लिहिलंय ना, रेममध्ये स्नायू ढिले असतात, ते तसेच असताना जाग आली की हे होतं. झोप अपुरी, वेळा बदलत्या आणि उताणं झोपणं, ही तिन्ही कारणं माझ्यात हजर. कुशीवर झोपायला लागले, पाळी बदलली की दुपारी आधीच थोडी झोप काढायला लागले, बरंच कमी झालं. होत असताना उठायची धडपड केली की भीती वाढते. मी फक्त श्वास मोजते आणि पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करते.

आणि एकदा धडपड केलीच नाही, डोळे मिटून घेतले, तर तिथूनच सरळ स्वप्नात गेले, पूर्ण भानावर. आमच्याच वॉर्डात होते. सगळ्या खाटा रिकाम्या. मी मधल्या खाटेवर चादर ओढून झोपले. उडावं, डोंगरावर जावं, असलं काही सुचलं नाही, झोपावंसं वाटलं!

एक मात्र सांगते. ज्यांना भास होण्याचा आजार आहे किंवा होऊन गेलाय, त्यांनी हे गजराचे आणि चाचण्यांचे प्रयोग करू नयेत. खरं-खोटं आधीच डळमळीत असताना ‘हे स्वप्न तर नाही ना’ असं दिवसभर विचारत बसणं त्यांना जड जातं.

कोरेगावची_सून:

सिस्टर, तुम्ही आहात म्हणून विचारते. आमच्या मामंजींचं वय ६८. वर्षभर झालं, पहाटे स्वप्नात जोरात ओरडतात, लाथा झाडतात. मागच्या आठवड्यात खाटेवरून पडले. उठवलं की म्हणतात, रानात डुक्कर शिरलं होतं, हाकलत होतो. खंबाटकीवाल्या काकांचं वाचून वाटलं, हे पण तसलंच असेल. दारू अजिबात नाही.

नाईट_ड्युटी_सिस्टर:

ताई, हे ल्युसिड नाही. स्वप्नात अंग हलू नये म्हणून जो अटकाव असतो, तोच यात सुटतो आणि माणूस स्वप्नातलं हाता-पायानं करायला लागतो. पन्नाशीपुढच्या पुरुषांत जास्त दिसतं. काही जणांत हे पार्किन्सनसारख्या आजाराच्या बरीच वर्षं आधी दिसतं, म्हणून न्यूरॉलॉजिस्टना दाखवाच. घाबरून नाही, पण टाळू नका. जमलं तर मोबाईलवर एक व्हिडिओ काढून न्या, आमच्या डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. चालू असलेल्या गोळ्या पण घेऊन जा, काही गोळ्यांनीही हे होतं. तोवर खाट काढून गादी खाली टाका, काठी, विळा, काचेचा तांब्या जवळ ठेवू नका, आणि सासूबाईंना वेगळं झोपू दे.

कोरेगावची_सून:

व्हिडिओ काढला. शनिवारी घेऊन जातोय. गादी खाली टाकली तर मामंजी रुसलेत, डुक्कर हाकलायचं सोडून मलाच हाकलताय म्हणतात. सासूबाई मात्र तिसऱ्या खोलीत निवांत झोपल्या.