मदत हवी आहे: कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही करून ठेवायची आहे, पण कडू होते

मुगडाळ :
आठवड्याची ग्रेव्ही एकदाच करून ठेवायची आहे. १ किलो कांदे कच्चेच मिक्सरमधून काढले, तेलात परतले, वर १ किलो टोमॅटोची प्युरी आणि आलं-लसूण पेस्ट घातली. गरम मसालाही तेव्हाच. पाऊण तास परतूनही कडवट आणि उग्र. शिवाय छोले काय, पनीर काय, अंडा करी काय, सगळ्याची चव एकच. कुठे चुकतंय?

झारा :
कच्चा कांदा वाटलात, तिथेच. वाटल्यावर कांद्याच्या पेशी फुटून गंधकाची उग्र संयुगं भरमसाट तयार होतात, चिरलेल्या कांद्यात त्यामानाने कमी. वर त्याला इतकं पाणी सुटतं की तो परतला जातच नाही, नुसता रटरटत राहतो. आधी परता, मग वाटा.

१ किलो कांद्याला ७०० ग्रॅम लालबुंद टोमॅटो, ६० ग्रॅम लसूण, ४० ग्रॅम आलं, १५० मिली तेल, २ चमचे काश्मिरी तिखट, अर्धा चमचा हळद. तेल जास्त वाटेल, पण ते पुढच्या पाच-सहा भाज्यांचं आहे. नंतर फोडणीला चमचाभर पुरतं.

जाड बुडाच्या कढईत उभा पातळ चिरलेला कांदा आणि चमचाभर मीठ घाला. मिठाने पाणी लवकर सुटतं. पहिली दहा मिनिटं मोठी आच, मग मध्यम. अर्धा तास धरून चाला. कडा तपकिरी आणि मधला भाग सोनेरी झाला की थांबा. तळाला डाग धरला तर दोन चमचे पाणी शिंपडून खरवडून घ्या. करपलेला कांदा मात्र काढून टाका, तो सगळी कढई कडू करतो.

आता आलं-लसूण, दोन मिनिटं. मग हळद-तिखट, अर्धा मिनिट. मग टोमॅटो. टोमॅटो आधी घालायची घाई नको. आंबटपणामुळे कांदा मऊ व्हायचा थांबतो आणि ग्रेव्हीत दाताखाली येतो. कडेने तेल सुटलं, उलथण्याने रेघ ओढल्यावर तळ क्षणभर दिसला, की झालं. पूर्ण गार करून वाटा. गरम वाटलंत तर वाफेने मिक्सरचं झाकण उडेल.

मुगडाळ :
वाटल्यावर रंग फिका, गुलाबीसर झाला तर? आणि टोमॅटो आंबट निघाले तर?

झारा :
वाटताना तेल आणि पाणी एकजीव होतं, म्हणून फिकं दिसतं. भाजी करताना पुन्हा तेल सुटलं की रंग परततो. तिखट वाढवू नका. आंबट टोमॅटो १०० ग्रॅम कमी घ्या, तेवढंच.

तवंग :
चवीचं मी सांगते. गरम मसाला, धणे-जिरे पूड, कसुरी मेथी ग्रेव्हीत घालूच नका. भाजीच्या वेळी चमचाभर तेलात खडा मसाला, मग मंद आचेवर पूड मसाले दहा सेकंद, मग ग्रेव्ही. चौघांना पाऊण वाटी पुरते.

छोल्यांना त्यांचंच शिजवलेलं पाणी घाला. पनीरला १५ काजू भिजवून वाटा. साय गॅस बंद केल्यावर, नाहीतर टोमॅटोने फाटते. अंडा करीला भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस यांचं वाटण. दही हवं असेल तर अर्धा चमचा बेसन लावून फेटा.

पसरट ताटात गार करून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा. उरलेली पिशवीत भरून बोटाएवढ्या जाडीची चपटी थापा आणि गोठवा. दोन महिने चांगली राहते आणि हवा तेवढा तुकडा मोडता येतो. डब्यात भरलीत तर एका भाजीसाठी अख्खा डबा वितळवावा लागतो.