[मंडळ] जीपचं इंजिन उतरवायचंय, घडीची क्रेन कोणती घेऊ?

प्रेषक: भैया (सध्या मुक्काम अमळनेर)

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या वर्गणीचा नाही आणि दिवाळी फराळाचाही नाही, असा हा मेल आहे. पण मंडळाच्या या ईमेल-यादीवर पुरणयंत्राच्या जाळीवर आठ-आठ दिवस चर्चा झालेली मी वाचली आहे, तेव्हा माझंही खपवून घ्या.

निवृत्तीनंतर दिवाळी ते होळी मी इथे असतो, हे बहुतेकांना माहीत आहे. वडिलांची महिंद्रा एमएम ५४० मागच्या शेडमध्ये उभी आहे. प्युजोचं डिझेल इंजिन, एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी. पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, ऑइल खाते, सकाळी चालू केली की शेजारच्या वहिनी वाळवणं उचलून आत नेतात. गावातला मिस्त्री आठवड्यात करून देतो म्हणाला. पण मला ते स्वतः उतरवायचं आहे, घाई काहीच नाही.

शेड १८ फूट लांब, १० फूट रुंद. वर पत्रा, उताराच्या बाजूला साडेसात फूट. खाली शहाबादी फरशी, वडिलांच्या काळातली. काम झालं की क्रेन घडी करून कोपऱ्यात उभी राहिली पाहिजे, कारण तिथेच कापसाचे दिवस आले की चुलतभावाच्या गोण्या येतात.

जळगावचा दुकानदार म्हणतो, “साहेब, दोन टनाची घ्या, आयुष्यभर बघायला नको.” माझं इंजिन काही दोन टनाचं नाही. एक टनाची का नको? आणि कोणी ‘तिकडूनच, परदेशातून घेऊन जा’ म्हणण्याआधी सांगतो: क्रेन ८० किलोच्या घरात भरते आणि विमानात एका बॅगेला २३ किलो. तेवढी जागा येताना बायकोनं नातवंडांच्या नावाखाली आधीच धरलेली असते.

भैया

---

प्रेषक: नाना (मिशिगन)

भैया,

दुकानदार बरोबर सांगतोय, पण कारण त्यालाही माहीत असेलच असं नाही.

क्रेनवर लिहिलेले टन हे तिचा हात, म्हणजे हूक लावलेली आत-बाहेर सरकणारी दांडी, पूर्ण आत ओढलेला असतानाचे. हाताची लांबी पिनेनं पक्की करायला चार भोकं असतात. दोन टनाच्या क्रेनवर बहुतेक २०००, १५००, १००० आणि ५०० किलो असं क्रमानं लिहिलेलं दिसेल. जॅक खांबाजवळ बसलेला, वजन हाताच्या टोकाला. टोक जितकं लांब, तितकं जॅकला आणि खांबाच्या बुडाला जड. एक टनाच्या क्रेनचा हात पूर्ण बाहेर काढलास की उरतात साधारण २५० किलो. तुझं इंजिन २०० ते २५० किलो धरून चाल, वर साखळी आणि लेव्हलर (लटकलेलं इंजिन तिरकं-सरळ करायची पट्टी). म्हणजे एक टनाची क्रेन नेमकी तुला हवी तिथे काठावर येते. दोन टनाची घ्यायची ती या शेवटच्या भोकासाठी.

आता टेप घे आणि जीपपाशी जा. दोन मापं.

पहिलं, पुढच्या बंपरपासून इंजिनाच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर. जीपचं सुख असं की बॉनेट, रेडिएटर आणि पुढची जाळी काढली की समोरचा रस्ता मोकळा होतो, मग बंपरही काढ. कारवाल्यांना हे सुख नाही. माप घेताना एक लक्षात ठेव, हात आडवा असतो तेव्हा हूक सगळ्यात लांब. हात वर गेला की हूक चाप धरून खांबाकडे मागे येतो. म्हणजे खाली पोचलेली क्रेन वर पोचेलच असं नाही. वरच्या उंचीला किती पोच उरते, ते दुकानात हात वर करून बघायचं.

दुसरं, उंची. इंजिनाचं बूड ज्या आडव्या पट्टीवरून बाहेर यायचं तिची जमिनीपासून उंची, अधिक इंजिनाची उंची, अधिक साखळी आणि लेव्हलरची उंची. समजा ६० अधिक ७५ अधिक ४०, झाले १७५ सेंटीमीटर. हूक तिथवर गेला पाहिजे आणि त्या वेळी हाताचं टोक तुझ्या पत्र्याला लागता कामा नये. साडेसात फूट म्हणजे जवळजवळ २३० सेंटीमीटर. बसेल, पण उंच बाजूला तोंड करून लाव.

लोड लेव्हलर नक्की घे. मूठ फिरवली की उचलायचा बिंदू पुढे-मागे सरकतो आणि इंजिन नाक वर-खाली करतं. गिअरबॉक्स जागेवर ठेवून इंजिन काढणार असशील तर ते सरळ रेषेत पुढे यायला हवं. इंजिनाचं वजन गिअरबॉक्सच्या शाफ्टवर लोंबकळलं तर क्लच प्लेट वाकते. गिअरबॉक्सखाली वेगळा छोटा जॅक लाव.

साखळी गोठ्यातली घेऊ नको. उचलण्यासाठीची, ८० ग्रेडची घे. बोल्ट घ्यायचा तो डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा ताकदीचा आकडा कोरलेला असेल तोच. आणि साखळीचे दोन पदर फार फाकवायचे नाहीत. दोघांमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येक पदरावर अर्धं नाही, पूर्ण वजन येतं.

नाना

---

प्रेषक: छोटू (न्यू जर्सी)

भैयाकाका, गाडी मिस्त्रीकडे द्या आणि तुम्ही पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला बसा. आम्ही इथे सुपरमार्केटातली काळी वांगी ओव्हनमध्ये घालून त्याला भरीत म्हणतोय, आमची कीव करा.

---

प्रेषक: मामा (भुसावळ)

जावईबापूंना आशीर्वाद.

मुलीनं मला या यादीवर घातलं ते गाण्याच्या कार्यक्रमांची पत्रं वाचायला. हे पत्र मात्र माझ्या कामाचं निघालं. उभी नोकरी मी जड वस्तू उचलण्यात काढली, म्हणून दोन शब्द.

नानासाहेबांनी वरचं सगळं सांगितलं. खालचं कोणी बोललं नाही. तुमच्या पत्रातला महत्त्वाचा शब्द टन नाही, शहाबादी फरशी आहे.

आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर बसवलेली फरशी कधी सपाट राहत नाही. एका फरशीची कड वर, दुसरीची खाली, मधला सांधा बोटभर उघडा. या घडीच्या क्रेनची चाकं असतात लिंबाएवढी. रिकामी असताना ती खडखडत जातात. पण दोनशे किलो लटकलेलं असताना पुढचं चाक सांध्यात अडकलं, की क्रेन थांबते आणि इंजिन थांबत नाही. ते झुलतं. झुललं की वजन चाकांच्या पुढे जातं आणि मागून क्रेन उचलते. बैलगाडी उलाळ झालेली पाहिली असेल तुम्ही, तसंच, फक्त बैल मागे बांधलेला नसतो.

म्हणून माझं ऐका. भरलेली क्रेन ढकलू नका, जीप ढकला. क्रेन उभी करायची, सगळ्या चाकांना ठोकळे लावायचे, माउंटिंगचे बोल्ट काढायचे, इंजिन जेमतेम सुटेल एवढं उचलायचं आणि मग चार जणांनी जीप मागे घ्यायची. इंजिन जागच्या जागी, जीप त्याच्याखालून निघून जाते. सरळ रेषेत येण्याचा नानासाहेबांचा मुद्दाही त्यातच सुटतो. जीप पूर्ण निघाली की इंजिन लगेच खाली, जमिनीपासून वीतभर. पुढचं सगळं तिथून.

शेडच्या फरशीला पाणी निघायला दाराकडे ढाळ असेल. जीप तोंड आत करून लावली असेल तर ती दाराकडे स्वतःच पळेल. एक माणूस फक्त लाकूड घेऊन मागच्या चाकापाशी ठेवा. तो माणूस मोबाइलवाला नको.

अन् दुकानात ओळंबा घेऊन जा. हसतील, हसू द्या. हात आडवा करा, पूर्ण बाहेर काढा, हुकाला ओळंबा लावा. तो दोन्ही पुढच्या चाकांच्या रेषेच्या आत पडला पाहिजे, चांगला चार बोटं आत. रेषेवर पडला तर ती क्रेन त्याच्याकडेच राहू द्या.

कोणी म्हणेल, क्रेन कशाला, चेनकप्पी टांगा घराच्या सऱ्याला, म्हणजे तुळईला. आमच्या साडूनं हे केलं आहे. गावचं धाब्याचं घर, ट्रॅक्टरचं इंजिन. कप्पी ओढायला लागला तशी वरून माती गळायला लागली, आधी चिमटीभर, मग ओंजळभर. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, “काय करी ऱ्हायना रे भो?” तेव्हा त्यानं हात थांबवला. पुढच्या पावसाळ्यात ती खोली गळली ती गळलीच.

मामा

---

प्रेषक: ताई (धुळे)

भैयादादा, आमचं फॅब्रिकेशनचं छोटं काम आहे म्हणून लिहिते.

तयार घ्या किंवा बनवून घ्या, तीन जागी नखानं तपासा. खांब बुडाशी जिथे जोडला आहे तिथलं वेल्डिंग सलग हवं, ठिपके मारलेलं नको. पाय वर घडी होतात त्या पिनांची भोकं गोल हवीत. लांबट झालेली असली तर क्रेन वापरलेली आहे किंवा भोक गॅसनं कापलेलं आहे. पिनेला क्लिप हवी, वाकवलेली तार नाही. घडीच्या क्रेनमध्ये ढिलाई येते ती इथूनच.

पुढच्या दोन पायांमधलं अंतरही मोजा. इंजिन ज्या स्टँडवर लावणार तो आत शिरला नाही तर मग इंजिन हवेत आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

आणि पहिल्याच दिवशी इंजिन लावू नका. सिमेंटच्या गोण्या लावा. एक गोणी ५० किलोची, सहा गोण्यांचे ३०० किलो. पट्ट्यात बांधून वीतभर उचला, जॅकचा दांडा जिथे बाहेर आलाय तिथे त्याच्यावर खडूनं खूण करा आणि जेवून झोपा. सकाळी खूण सांगेल. जॅकमधून तेल झिरपत असेल तर ते रात्रीतच कळतं.

ताई

---

प्रेषक: यादी सांभाळणारा

चर्चा चांगली चालली आहे, फक्त उत्तर देताना खालचा सगळा मजकूर कापत जा. काही जणांच्या मेलपेट्या भरल्या आहेत.

---

प्रेषक: भैया

मंडळी,

काल इंजिन खाली आलं. क्रमानं सांगतो.

दोन टनाची घेतली. दुकानात खरंच ओळंबा काढला. पहिल्या क्रेनचा ओळंबा पुढच्या चाकाच्या रेषेवरच पडला. दुकानदार आधी हसला, मग गप्प झाला, मग आतून दुसरी आणली. तिचा पाच बोटं आत.

सहा गोण्या रात्री लटकवल्या. सकाळी उठून पाहिलं तर खडूची खूण जॅकच्या आत गेलेली आणि गोण्या जमिनीला टेकलेल्या. दांड्याच्या बुडाशी तेलाचं कडं. दुकानदारानं वाद न घालता जॅक बदलून दिला. नवीन जॅक पहिले चार पंप धक्के देत वर जात होता, आतली हवा होती. व्हॉल्व्ह उघडून रिकामाच दहा-बारा वेळा पंप केला, तेलाची पातळी पाहिली, मग सरळ चालला. माझा चुलतभाऊ तेल म्हणून ब्रेक ऑइलची बाटली घेऊन आला होता, त्याला दारातूनच परत पाठवला. ते घातलं असतं तर सील फुगून गेली असती. दुसऱ्या रात्री खूण जागच्या जागी.

मामा, जीपच ढकलली. चौथ्या भोकात हात, हूक पोचला, पण वर नेताना जवळजवळ चार इंच मागे आला, नाना म्हणाले तसाच. एकदा खाली घेऊन क्रेन पुढे सारून पुन्हा धरावं लागलं. त्यानंतर क्रेन हलवली नाही. मागच्या चाकापाशी शेजारचे तात्या कडुलिंबाचा ओंडका घेऊन बसले होते. जीपनं दाराकडे एकदाच ओढ घेतली, त्यांनी ओंडका सरकवला आणि परत तंबाखू मळायला लागले. गिअरबॉक्सचा शाफ्ट सुटताना जो बारीक ‘टक’ आवाज आला, त्या वेळी आम्ही पाचही जण श्वास धरून होतो.

क्लच प्लेट सरळ आहे. चौथ्या सिलिंडरची वरची रिंग दोन तुकडे. इंजिन स्टँडवर आहे, क्रेन घडी करून कोपऱ्यात. जॅकचा दांडा आत घालून ठेवलाय, इथली धूळ त्याच्या चकाकीवर बसू नये म्हणून.

छोटू, भरीत शनिवारी आहे. तुझ्या नावाचं केळीचं पान मांडून फोटो पाठवतो.

आणि अमळनेर-चोपड्याकडे कोणाच्या घरचं बांधकाम चालू असेल तर कळवा. सहा गोण्या सिमेंट शेडमध्ये पडलं आहे, गाठी धरायच्या आत न्या.

भैया