गिरगावात चाळीतल्या खोलीसाठी महिना ५००-६०० मध्ये इंटरनेट: कोणतं घ्यावं?

गिरगावची सून

नमस्कार मंडळी. आमची खोली गिरगावात, पागडीची चाळ, दुसरा मजला, दीड खोली आणि वर माळा. इतके दिवस मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भागवलं, आता भागत नाही. मिस्टरांना आठवड्यातले तीन दिवस घरून काम आहे, दिवसभर मीटिंगा. लेक यंदा दहावीला, तिचा गणिताचा क्लास संध्याकाळी सात ते साडेआठ ऑनलाइन असतो. नेमकी त्याच वेळी सासऱ्यांची मालिका लागते, ती ते आता टीव्हीवर नेटवरूनच बघतात.

परवा क्लासची चाचणी चालू असताना हॉटस्पॉट गेला आणि पेपर अर्धाच जमा झाला. लेक काही बोलली नाही, पण रात्री जेवलीही नाही. तेव्हाच ठरवलं, आता नेट घ्यायचंच.

तीन पर्याय समोर आहेत. मोठ्या कंपनीचं फायबर, आमच्या चाळीतल्या केबलवाल्याचं नेट (तो म्हणतो वर्षाचे एकदम भरा, दोन महिने फुकट देतो), आणि ते छपरावर अँटेना लावून येणारं एअरफायबर. चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार असं चार वर्षं ऐकतोय, यंदा मात्र बहुतेकांच्या सह्या झाल्यात. कोणतं घेऊ?

चारकोपकर

ताई, आधी एक हिशेब. जाहिरातीतला आकडा जीएसटीशिवाय असतो, त्यावर १८ टक्के चढतात. ३९९ चा प्लॅन हातात ४७१ ला पडतो, ४९९ चा ५८९ ला आणि ६९९ चा ८२५ ला. तुमच्या बजेटमध्ये ४९९ पर्यंतचंच बसतं. जिओचा ३९९ चा ३० एमबीपीएसचा (एमबीपीएस म्हणजे नेटच्या वेगाचं माप) प्लॅन २०२० च्या सप्टेंबरात आला, तेव्हापासून बाकीच्यांनीही साधारण त्याच पट्ट्यात सुरुवातीचे प्लॅन ठेवलेत. भाव बदलत राहतात, म्हणून घेण्याच्या दिवशी अ‍ॅपमध्ये तुमचा पिनकोड टाकून बघा. आणि तोंडी विचारा: महिन्याचे महिन्याला भरायचे, की सहा महिन्यांचे आगाऊ?

मुलुंडची मावशी

३० पुरतं का, अशी शंका आली असेल तर सांगते. पुरतं. सासऱ्यांची मालिका एचडीमध्ये लावली तरी ५ एमबीपीएसच्या आसपास घेते. व्हिडिओ मीटिंगला चांगल्या चित्रासाठी चार धरा, लेकीच्या क्लासला तेवढेच. तिघं एकदम बसले तरी पंधरा पार होत नाहीत. आमच्या घरात पाच माणसं आहेत आणि आम्ही ४० वर आहोत. १०० चा प्लॅन विकायला येणारा मुलगा "ताई, ३० मध्ये यूट्यूबसुद्धा अडकतं" असं म्हणेल. अडकत असेल तर ते वायफाय नीट पोचत नाही म्हणून, प्लॅन लहान आहे म्हणून नव्हे.

फक्त अपलोडचा स्पीड विचारून घ्या. मीटिंगमध्ये आपला चेहरा आणि आवाज पलीकडे पोचतो तो अपलोडवर. काही जुन्या केबल जोडण्यांत डाउनलोड भरपूर आणि अपलोड नावापुरता असतो.

तारवाला

मी दक्षिण मुंबईत फायबर जोडायचं काम चौदा वर्षं केलं. गिरगाव, ठाकूरद्वार, खेतवाडी, तिथल्या चाळींचे जिने चढून गुडघे गेले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोणती कंपनी हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा की तुमच्या चाळीत आज कोणाची वायर आली आहे आणि ती कशाची आहे. उद्या सकाळी जिन्याखाली मीटरच्या जागेत जाऊन बघा. तिथे छोटा पांढरा किंवा काळा प्लास्टिकचा डबा असेल आणि त्यातून बारीक, चपट्या, शिवणकामाच्या जाड दोऱ्यासारख्या वायरी निघत असतील तर ते फायबर. त्या डब्याला वीज लागत नाही. त्याऐवजी हिरवे दिवे लुकलुकणारा स्विच ठेवलेला असेल, प्लगला लावलेला, आणि त्यातून जाड निळ्या-करड्या लॅनच्या वायरी घरोघरी गेल्या असतील, तर ती जुनी पद्धत. या जुन्या जोडण्यांत अख्ख्या मजल्याला, कधी अख्ख्या चाळीला मिळून १०० एमबीपीएसची एकच वाट असते. दुपारी छान चालतं, संध्याकाळी सातला सगळे घरी आले की बसतं. शिवाय जिन्यातली वीज गेली की तुमच्या घरात वीज असूनही नेट जातं. पावसात पाणी ठिबकून स्विच जळणं तर दर वर्षीचं.

फायबरमध्येही वाट वाटूनच घेतात, पण ती वाट मोठी असते. एका मुख्य तारेवर साधारण अडीच हजार एमबीपीएस येतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ६४ घरं एकदम सुटली तरी प्रत्येकाला ३९ च्या आसपास येतात. म्हणजे ३० चा प्लॅन घेणाऱ्याला संध्याकाळीही ३० मिळायला हरकत नसते. ३०० चा घेणाऱ्याला मात्र गर्दीच्या वेळी फरक कळतो. म्हणून तुमच्यासारख्यांना मी लहान प्लॅनच सांगतो.

आता केबलवाल्याबद्दल. हल्ली बरेच केबलवालेही फायबरच टाकतात, मोठ्या नाहीतर मधल्या कंपनीची फ्रँचायझी घेऊन. तेव्हा केबलवाला म्हणून त्याला बाद करू नका. त्याला तीनच गोष्टी विचारा. घरापर्यंत फायबर येणार की लॅन? कोणत्या कंपनीच्या परवान्यावर चालवतोस? जीएसटी नंबरचं बिल देणार का? तिसऱ्या प्रश्नाला तो घुटमळला तर थांबा. मिस्टरांच्या ऑफिसकडून नेटचे पैसे परत मिळत असतील तर ते बिल लागेलच.

आणि शेजाऱ्यांना विचारा. फक्त "नेट कसं आहे?" एवढंच नको. "गेल्या पावसाळ्यात किती वेळा गेलं आणि दुरुस्तीला माणूस किती वेळात आला?" असं विचारा. तुमच्याच मजल्यावरच्या दोन घरांचं उत्तर दहा जाहिरातींपेक्षा उपयोगी.

दादर पूर्व

तारवाले काकांशी पूर्ण सहमत. माझा अनुभव लिहिते. आमच्याकडे एका मोठ्या कंपनीचं कनेक्शन होतं. जुलैमध्ये रस्त्यावरची तार तुटली. अ‍ॅपवर रोज "२४ तासांत दुरुस्त होईल" असा मेसेज, आणि असे नऊ दिवस गेले. फोन केला की दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट सांगायची. तेव्हा मी नोटीस पीरियडवर होते आणि मुलाखती ऑनलाइन होत्या. त्या मी नवऱ्याच्या मित्राच्या घरी जाऊन दिल्या. नंतर गल्लीतल्या केबलवाल्याचं फायबर घेतलं. परवाच्या पावसात रात्री नऊला गेलं, तर त्याचा मुलगा छत्री आणि शिडी घेऊन दहाला हजर. महिन्याला पन्नास रुपये जास्त देते आणि मनापासून देते.

बोरिवलीकर दादा

पण वर्षाचे पैसे एकदम भरू नका ताई! चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार म्हणताय आणि दोन महिने फुकटच्या पायी बारा महिने अडकताय? आमची सोसायटी गेल्या वर्षी रिकामी झाली. आम्ही सहा महिन्यांचे भरले होते, चार उरले होते. आम्ही भाड्याने गेलो त्या भागात त्याची लाईनच नव्हती. पैसे परत मागितले तर "पॉलिसीत नाही". दर महिन्याला भरा, फार तर तीन महिन्यांचे. आणि राऊटरचं डिपॉझिट घेतलं तर पावतीवर "परत मिळणारं" असं लिहून घ्या. जागा बदलली तर कनेक्शन हलवायचे किती, तेही आधीच विचारा.

वरळीचा पक्या

एअरफायबरचं सांगतो. मुंबईत एअरटेलचं २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलं, जिओचं त्याच वर्षी गणेश चतुर्थीला. तार ओढायला जमत नाही तिथे ते उत्तम. आम्ही ते घेतलं कारण आमचे मालक भिंतीला भोक पाडू देत नव्हते. पण ते ५जी टॉवरवरून येतं, त्यामुळे अँटेना कुठे बसते यावर सगळं आहे. चाळीच्या कौलांवर बसवायचं, समोर टॉवर दिसायला हवा, मध्ये नवी उंच इमारत उभी राहिली तर रेंज बदलते. गिरगावात सगळीकडे नवीन इमारती उठतायत. आणि महिन्याचा डेटा साधारण १००० जीबी, तर फायबरला ३३०० जीबी. तसे १००० सुद्धा कमी नाहीत, एचडी बघितलं तरी रोजचे दहा-अकरा तास होतात. फायबर मिळत असेल तर फायबर, नसेल तरच हे.

गिरगावची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी दूध आणायला जाताना जिन्याखाली वाकून बघितलं. दोन डबे आहेत. एक पांढरा, बारीक तारांचा, त्यावर मोठ्या कंपनीचं नाव. दुसरा दिव्यांचा स्विच, केबलवाल्याचा, वर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवलेला. म्हणजे आमचा केबलवाला अजून लॅनच देतो. समोरच्या काकू म्हणाल्या, त्यांचं नेट रोज रात्री आठला गोल फिरत बसतं.

मजल्यावरच्या दोन घरांत त्या पांढऱ्या डब्यातलं आहे. गेल्या पावसाळ्यात दोनदा गेलं, एकदा दीड दिवस आणि एकदा तीन तास. मला हे चालेल. मग तेच घेते, सगळ्यात लहान प्लॅन, महिन्याचा. आता दोन शंका. तार गॅलरीतून दारावरून आत आणायची तर दार उघड-बंद होताना चेपणार नाही का? आणि घरातला वायफायचा डबा, म्हणजे राऊटर, ठेवायचा कुठे? मिस्टर म्हणतात माळ्यावर, म्हणजे दिसणार नाही.

तारवाला

दाराच्या फटीतून अजिबात नको. फायबर आत काचेचं असतं, त्यातून उजेडावर नेट येतं. बिजागरीत चेपलं की महिनाभर चालतं आणि एक दिवस डब्यावरचा एलओएसचा दिवा लाल होतो. तो लाल झाला की समजा, उजेड येत नाही, म्हणजे तार कुठेतरी तुटली किंवा वाकली. खिडकीच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून आणा, किंवा जुन्या टेलिफोनच्या तारेचं भोक असेल तर त्यातूनच. आणि कुठेही बांगडीपेक्षा लहान वळण देऊ नका. जादा तार उरली तर हातात घट्ट गुंडाळी करू देऊ नका, बांगडीएवढा गोल करून खिळ्याला टांगायला सांगा.

माळ्यावर ठेवू नका. जोडायला येणारा मुलगा तुम्हाला माळाच सुचवेल, कारण त्याला सोपं पडतं. पण तिथे उन्हाळ्यात भट्टी असते आणि डबा तापून बंद पडतो. गोदरेजच्या कपाटामागे नको, फ्रिजवर नको, पाण्याच्या पिंपाशेजारी नको. लोखंड आणि पाणी दोन्ही वायफाय अडवतात. लेकीच्या टेबलावरच्या भिंतीला, डोक्याच्या उंचीवर लावा. मिस्टरांचा लॅपटॉप तिथून जवळ असेल तर लॅनची छोटी वायर थेट डब्याला जोडा, मीटिंग अडकायची नाही.

मुलगा जोडून झाल्यावर तारेतून उजेड किती पोचतो ते मोजायचं मीटर लावतो, तो आकडा विचारा. उणे २० च्या आसपास आला तर झकास. उणे २५ च्या पलीकडे गेला तर "काका म्हणाले पुन्हा जोड" म्हणून सांगा. साधारण उणे २७ पर्यंतच नेट तग धरतं, आणि सांध्यात ओल शिरली की चालू पावसाळ्यात एवढा फरक सहज पडतो.

मुलुंडची मावशी

राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, बारा व्होल्टचा, हजार-दीड हजारात. आमच्याकडे महावितरण, वीज जाते. तुमच्याकडे बेस्टची वीज क्वचितच जाते, पण दहावीचं वर्ष आहे, परीक्षेआधी घेऊन ठेवा. तुमचं फायबर आहे, जिन्यातल्या डब्याला वीज लागत नाही, त्यामुळे तो यूपीएस उपयोगी पडेल.

दादर पूर्व

आणि कधी बंद पडलं तर फोनवर बोलून सोडून देऊ नका. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. त्यावर समाधान झालं नाही तर कंपनीतच अपील प्राधिकारी असतो, त्याच्याकडे तोच क्रमांक देऊन लेखी अपील करता येतं. तरीही नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मला हे नऊ दिवसांनी कळलं.

गिरगावची सून

आज बसलं. मुलगा साडेअकराला आला आणि एकच्या आत गेला. त्याने खरंच माळा सुचवला होता. आकडा आधी उणे २६ आला. मी तारवाले काकांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, तर त्याने खाली जाऊन डब्यातला जोड पुन्हा केला. आता उणे १९. जुन्या टेलिफोनचं भोक सापडलं, त्यातूनच तार आत आली. डबा लेकीच्या टेबलाच्या वर आहे.

संध्याकाळी सात वाजता मुद्दाम तपासलं. लेक क्लासला, सासरे मालिकेला, मिस्टर मीटिंगमध्ये. कोणाचंच अडकलं नाही. पहिलं बिल ४७१ आणि जोडणीचे वेगळे ५००, पावती घेतली आहे.

एकच राहिलं. उरलेली तार खिडकीच्या वर खिळ्याला टांगली आहे आणि तिथे पावसाची झड येते. त्यावर काही बांधू का?

तारवाला

नुसत्या तारेला पावसाने काही होत नाही. खिळा मात्र गंजून तारेला घासेल. तो काढून प्लास्टिकची क्लिप लावा, दहा रुपयांना पाकीट मिळतं. आणि खिडकीतून जिथे तार आत शिरते तिथे बाहेरच्या बाजूला तिला थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल, तारेवरून घरात येणार नाही.