उत्तर: मरळचा कडक रॉड क्रँकबेटला चालेल काय?

दादा, हिडकल धरणावर मरळसाठी, बेडकावर (बेडकासारख्या नकली आमिषावर) वापरता तोच कडक ग्राफाइट रॉड क्रँकबेटला, म्हणजे ओढलं की पाण्यात बुडी मारणाऱ्या माशासारख्या नकली आमिषाला, चालेल काय, असं तुम्ही विचारलंय. वर दोघांनी 'चालतंय की' म्हटलंय, मला ते अजिबात पटत नाही.

मरळचा जबडा हाडाचा. बेडकाचा जाड गळ त्यात रुतवायला आणि मासा गवतातून ओढून काढायला कडक रॉडच लागतो. क्रँकबेटचं काम उलटं. त्याला तीन टोकांचे बारीक गळ असतात, ते जेमतेम कातडीत अडकतात. मासा डोकं झटकतो तेव्हा रॉड वाकला नाही तर गळ सुटतो नाहीतर तोंड फाटतं. म्हणून अमेरिकेत बास माशासाठी मॉडरेट अ‍ॅक्शनचा, म्हणजे मध्यापर्यंत वाकणारा रॉड घेतात. फायबरग्लासचा किंवा ग्लास-ग्राफाइट मिश्र. निव्वळ ग्लास जड असतो, दिवसभर फेकून मनगट भरून येतं, म्हणून मी मिश्रच घ्या म्हणेन.

लांबी 7 फूट, पॉवर (रॉडची ताकद) मीडियम. खोल जाणारे मोठे क्रँक ओढायचे असतील तर साडेसात फूट आणि मीडियम-हेवी. रॉडवर लिहिलेलं ल्यूअरचं (नकली आमिषाचं) वजन मात्र बघाच.

लाइनही (गळाची दोरीही) बदला. ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, ताणली जात नाही, मग मऊ रॉडचा अर्धा फायदा तिथंच जातो. 10 ते 12 पौंडाची फ्लोरोकार्बन बुडते, क्रँक खोल नेते. मोनो, म्हणजे साधी एकपदरी नायलॉनची लाइन, फार हळू बुडते, उथळ पाण्याला ती बरी. रील 5.4:1 गिअर रेशोच्या (हँडलच्या एका फेरीत स्पूलच्या 5.4 फेऱ्या) आसपासचं, सावकाश ओढणारं.

गवताळ काठाला मात्र तुमचा जुना रॉड आणि बेडूकच ठेवा.