मदत हवी आहे: झरीकडच्या गावातून सकाळी दहाला हिंगणा एमआयडीसी गाठायची आहे, आणि ऐनवेळी माझी वाचा बसते

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यात राहते. यंदा बी.एस्सी. झाले, विषय रसायनशास्त्र. घरी कापूस आणि तूर, सगळी कोरडवाहू. तान्हा पोळा (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा सण) झाला की त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत मुलाखत आहे. एका कारखान्याच्या क्यूसी लॅबमधली, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली जागा आहे. मला ती मनापासून हवी आहे.

दोन अडचणी आहेत.

पहिली वेळेची. गावाहून पांढरकवडा एक तास, तिथून नागपूर तीन तास. सकाळची पहिली गाडी धरली तर दहाला पोहोचणं शक्यच नाही. जुलैत अशीच एक मुलाखत होती, अकराची. भाऊ पहाटे मोटरसायकलवर पांढरकवड्याला सोडणार होता. रात्रभर पाऊस झाला, नाल्याच्या पुलावरून पाणी. दीड तास आम्ही या काठावर उभे होतो. तिथे पोहोचले तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते. गेटवरच सांगितलं, यादी झाली. मी काहीच बोलले नाही, तशीच परत फिरले. बसमध्ये मात्र रडू आवरलं नाही.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. कॉलेजमध्ये एक कंपनी आली होती तेव्हा मला विचारलं, ॲसिटिक ॲसिडचं टायट्रेशन सोडियम हायड्रॉक्साइडने करताना कोणता इंडिकेटर घ्याल? म्हणजे ॲसिडमध्ये थेंब थेंब अल्कली सोडून त्याचं प्रमाण मोजताना, शेवट रंगाने दाखवणारं रसायन कोणतं. हे मी प्रॅक्टिकलला कितीतरी वेळा केलं आहे. तरी तोंड कोरडं पडलं, हात थरथरायला लागले आणि मी मिथिल ऑरेंज म्हणून मोकळी झाले. दाराबाहेर पाय ठेवताच आठवलं, फिनॉल्फ्थॅलिन.

आदल्या दिवशी निघायचं म्हटलं तर आईला काळजी. नागपुरात वर्धमाननगरला चुलतमावशी राहते, एका खोलीत पाच जण. तिला त्रास द्यावा का? आणि शहरात पोहोचेपर्यंत अंधार होईल. कोणी या वाटेने जात असेल तर कृपया सांगा. भीतीचं काय करू, तेही सांगा.

प्रतिसाद १

ताई, आदल्या दिवशीच निघा, यात दुसरा विचार नको. पावसाळ्यात आपल्या नाल्यांचा भरवसा नाही, हे तुम्ही एकदा भोगलं आहे. मावशीला आजच फोन करा. एका रात्रीसाठी नाही म्हणणारी मावशी मी अजून पाहिली नाही.

पण एक लक्षात घ्या. तुम्ही निघाल तो दिवस तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचा. इतवारी, महाल या भागात मिरवणुकीची अफाट गर्दी असते, रस्ते बंद असतात. गणेशपेठच्या स्टँडवर उतरून ऑटोने वर्धमाननगरला जायला निघालात तर त्यात सापडाल. त्यापेक्षा आपल्या गाड्या हिंगणघाट, जाम, बुटीबोरी करत वर्धा रोडनेच शहरात शिरतात. वाहकाला चढतानाच सांगून ठेवा आणि खापरीला उतरा. तिथून मेट्रो. सीताबर्डीला गाडी बदला आणि प्रजापतीनगरकडे जाणारी धरा, वैष्णोदेवी चौकाला उतरा. वर्धमाननगर तिथेच आहे. खापरीला गाडी थांबणार नसेल तर वर्धा रोडवरच्या पुढच्या एखाद्या मेट्रो स्टेशनजवळ कुठे उतरता येईल ते वाहकालाच विचारा.

दुसऱ्या दिवशी तर अजून सोपं. वैष्णोदेवी चौकातून लोकमान्यनगरची मेट्रो घ्या. तीच गाडी शेवटपर्यंत जाते, कुठे बदलायची नाही. पाऊण तास धरून चाला. लोकमान्यनगर हिंगणा रोडवरच आहे, एमआयडीसीत जायला बाहेर ऑटो मिळतो. साडेसातला घर सोडलंत तर नऊच्या आत गेटवर असाल.

आणि पांढरकवड्याला आदिलाबादहून येणारी तेलंगणाची गाडी लागली तर ती नागपूरलाच जाते, पण महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत फक्त आपल्या एसटीत आहे. घाईत चढाल आणि पूर्ण पैसे जातील.

प्रतिसाद २

मी अशाच एका लॅबमध्ये काम करतो आणि गेली काही वर्षं मुलाखतीला समोरच्या बाजूला बसतो, म्हणून लिहितो.

हात थरथरतात म्हणून आम्ही कोणाला नाकारत नाही. नवीन मुलांचे थरथरतातच. आम्हाला एवढंच बघायचं असतं की या मुलीने ब्युरेट (थेंब सोडायची मापाची नळी) खरंच हातात धरलं आहे की नुसतं पाठ केलं आहे. म्हणून उत्तर आठवायचा प्रयत्न करू नका, काम सांगायला लागा. फ्लास्कमध्ये काय घेतलं, ब्युरेटमध्ये काय भरलं, थेंब थेंब कसं सोडलं, रंग कधी आला. ॲसिटिक ॲसिड संपतं तिथे सोडियम ॲसिटेट तयार झालेलं असतं, त्यामुळे द्रावण थोडं अल्कली होतं, पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) सातच्या वर. फिनॉल्फ्थॅलिन साधारण सव्वाआठ ते दहाच्या दरम्यान गुलाबी होतं, म्हणून ते चालतं. मिथिल ऑरेंज साडेचारच्या आतच रंग बदलून मोकळं होतं, अजून ॲसिड शिल्लक असतं. हे हातांनी केलेल्या क्रमाने सांगितलं तर तोंडाला शब्द आपोआप येतात.

नागपुरात प्रश्न हिंदीतून येतील. अडलात तर सरळ विचारा, मराठीत सांगू का? कोणीही नाही म्हणणार नाही. उत्तर येत नसेल तर 'एक मिनिट विचार करते' म्हणा. पाणी मागा.

जुलैतल्या त्या दिवसाबद्दल एक सांगतो. उशीर होणार हे नाल्यावरच कळलं होतं. तेव्हाच, म्हणजे अकरा वाजायच्या आत, फोन करायला हवा होता. आमच्याकडे असा फोन आला की त्या उमेदवाराचं नाव आम्ही यादीत शेवटी सरकवतो. पत्रावरचा नंबर आजच मोबाइलमध्ये साठवा, आणि कागदावरही लिहून ठेवा. मूळ कागदपत्रं, झेरॉक्सचे दोन संच, आधार, फोटो, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग फाइलमध्ये.

प्रतिसाद ३

मी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. बाळा, तोंड कोरडं पडणं, छाती धडधडणं, हात गार पडणं हे सगळं ॲड्रेनलिनचं काम आहे. शरीर तयारीला लागलेलं असतं, तुझ्यात काही खोट नाही. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ दे. चार मोजेपर्यंत आत, सहा ते आठ मोजेपर्यंत बाहेर. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात. दाराबाहेर बसल्या बसल्या पाच-सात वेळा कर, कोणाला कळतही नाही. पण हे त्याच दिवशी पहिल्यांदा करू नकोस, आजपासून रोज झोपताना कर.

सकाळी उपाशी जाऊ नकोस. मावशीकडे पोहे, पोळी, जे असेल ते खा. चहा एकच.

आणि मोठ्याने बोलून सराव कर. मनातल्या मनात म्हटलेलं तोंडातून निघेलच असं नाही. घरात कोणालाही समोर बसव. त्यांना विषय समजत नसेल तर उलट बरं.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. दादा, फोन करायचं त्या दिवशी सुचलंच नाही. नंबर आता लिहून ठेवला आहे.

मावशीला फोन केला. ती म्हणाली, पोळ्याच्या पुरणपोळ्या घेऊन ये, बाकी काही विचारू नको. आईही तयार झाली. मेट्रोने अंधारातही नीट जाता येतं हे तिला पटलं. तरी पांढरकवड्याहून दुपारी बाराचीच गाडी धरायची असं ठरलं आहे, म्हणजे उजेडात पोहोचेन. नाला भरेल असं दिसलं तर भाऊ मला आदल्या संध्याकाळीच, पोळा सुटल्यावर, पांढरकवड्याला मैत्रिणीकडे सोडेल.

ताई, काल रात्री तुम्ही सांगितलं तसं बाबांना समोर बसवलं. ते बैलांच्या झुली काढून बघत होते, म्हणाले, सांग तू, मी ऐकतो. मी फ्लास्कपासून सुरुवात केली. रंगापर्यंत आले तर हातातली झूल खाली ठेवून विचारतात, "पण गुलाबीच काऊन होते वं ते? मले समजाव बरं." मग आईनेच दिलेला लिंबू कापून, हळदीच्या पाण्यात चुना टाकून लाल केलं आणि लिंबू पिळून परत पिवळं करून दाखवलं. बाबांनी ते तीनदा करायला लावलं. मी किती वेळ बोलत होते मला कळलं नाही, आवाज एकदाही अडखळला नाही.

उद्या पोळा, परवा निघते.