मदत हवी आहे: तिवराच्या मुळांजवळचे फॉस्फेट विरघळवणारे जिवाणू

नमस्कार मंडळी, तिवराच्या मुळांना चिकटलेल्या चिखलातून फॉस्फेट विरघळवणारे जिवाणू वेगळे करतेय. पिकोव्हस्काया आगरवर (न विरघळणारं फॉस्फेट घातलेलं, जिवाणू वाढवायचं घट्ट माध्यम) काही वसाहतींभोवती फॉस्फेट विरघळल्याचं छान पारदर्शक वलय येतं, पण तीच वसाहत पुन्हा नव्या प्लेटवर घेतली की वलय बारीक होत जातं. एकीचं तर गायबच झालं! माध्यमात मीठ घालावं का? खाऱ्या चिखलातले जीव, त्यांना गोड्या पाण्यातलं माध्यम मानवत नसेल अशी शंका आहे. शिवाय नुसत्या वलयावर माझा फारसा भरवसा नाही. द्रव माध्यमात पीएच आणि विरघळलेलं फॉस्फेट मोजलेलं बरं, नाही का? आणि मुळांच्या आतले जिवाणू हवे असतील तर मुळं हायपोक्लोराइटने (जंतुनाशक ब्लीचने) धुतल्यावर बाहेरचे खरंच मेलेत हे कसं तपासता? शेवटचं धुतलेलं पाणी प्लेटवर पसरवून पाहणं पुरेसं आहे का?