फोरॅमची कवचं मोजून समुद्रातल्या जुन्या ऑक्सिजनचा आकडा सांगता येतो का?

खारफुटी
आपल्या कोकण-गोव्यासमोरच्या अरबी समुद्रात साधारण २०० ते १००० मीटर खोलीच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. हा पट्टा पूर्वी कधी फुगला, कधी आटला, हे ठरवायला गाळातले फोरॅमिनिफेरा मोजतात. म्हणजे एकपेशीय जीवांची वाळूच्या कणाएवढी कवचं. बोलिविना, बुलिमिना अशी लांबट मंडळी वाढली की ऑक्सिजन कमी, सिबिसिडॉइडिस वाढले की भरपूर. इथवर ठीक. पण १९९४ मध्ये काइहो यांनी या प्रमाणांचा निर्देशांक मांडला आणि त्यावरून थेट 'लिटरला इतके मिलिलिटर' असे आकडे येऊ लागले. माझं भांडण त्या आकड्याशी आहे. बोलिविनाला मुळात खायला हवं असतं. पावसाळी वाऱ्यांनी खालचं पाणी वर येतं, प्लवक माजतं, मरून खाली बसतं आणि ते कुजतानाच ऑक्सिजन संपतो. अन्न वाढलं, ऑक्सिजन घटला, दोन्ही एकदम. मग कवचं मोजून नेमकं काय मोजलं?

मोजपट्टी
अहो, मग संख्या मोजूच नका! एकाच थरातली दोन कवचं घ्या. सिबिसिडॉइडिस वुलरस्टॉर्फी गाळाच्या वर बसतो, त्याच्या कवचात तळाच्या पाण्यातला कार्बन उतरतो. ग्लोबोबुलिमिना गाळात खाली, ऑक्सिजन संपतो त्या हद्दीशी राहते. पाण्यात ऑक्सिजन जितका जास्त, तितकं त्या हद्दीपर्यंत जास्त सेंद्रिय द्रव्य जळतं आणि गाळातल्या पाण्यात हलका कार्बन-१२ वाढतो. दोन कवचांच्या कार्बन समस्थानिकांतल्या फरकावरून ऑक्सिजन काढायचा. हूगाकर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये किलोला ५५ ते २३५ मायक्रोमोलच्या टापूत हे बसवून दाखवलंय.

खारफुटी
आणि ५५ च्या खाली? अरबी समुद्रातल्या त्या पट्ट्याच्या गाभ्यात ५ सुद्धा नसतो हो. शिवाय स्वीडनच्या गुलमार फ्योर्डमधली ग्लोबोबुलिमिना नायट्रेट साठवते आणि ऑक्सिजनविना त्यावर श्वसन करते, हे २००६ मध्येच दिसलंय. ती ऑक्सिजनच्या हद्दीशीच थांबेल याची हमी कुठाय?

चाळणीवाली
तुमचं चालू द्या, पण सूक्ष्मदर्शकाखाली काय होतं तेही ऐका. ओल्या ब्रशाच्या टोकाने एकेक कवच उचलून स्लाइडवर मांडायचं. चाळणी ६३ ऐवजी १२५ मायक्रॉनची घेतली की बारीक बोलिविना गळून जातात आणि कागदावर ऑक्सिजन फुकटात वाढतो. आजच्या नमुन्यात रोज बेंगाल या पेशीरस रंगवणाऱ्या रंगाने गुलाबी झालेलं ते जिवंत धरतात. पण ऑक्सिजन नसलेल्या गाळात मेलेल्याचा पेशीरस लवकर कुजत नाही, तोही गुलाबीच दिसतो. तुलना याच आजच्या नमुन्यांशी करायची असते, विसरू नका.

मोजपट्टी
म्हणून सगळंच मोडीत काढायचं? कॅलिफोर्नियाचं सांता बार्बरा खोरं बघा. १९९२ मध्ये तिथे भोक पाडून काढलेल्या गाळात गेल्या सुमारे ६०,००० वर्षांतल्या उबदार टप्प्यांचा गाळ पापुद्र्यांचा आहे, गार टप्प्यांचा उकरलेला. ऑक्सिजन इतका कमी की गाळ उकरणारे किडेही नसतील, तेव्हाच पापुद्रे टिकतात. आणि फोरॅमही त्याच तालावर बदलतात.

खारफुटी
ऑक्सिजन वाढला की घटला हे कळतं, ते मी पहिल्या प्रतिसादापासून मान्यच करतोय. पापुद्र्यांवरून 'किती' निघतं का, ते सांगा.

मोजपट्टी
किती हवं असेल तर कवचातलं आयोडीन मोजा. ऑक्सिजन असला की पाण्यातलं आयोडीन आयोडेटच्या रूपात असतं आणि कवचाच्या कॅल्साइटमध्ये शिरतं, ऑक्सिजन गेला की आयोडाइड होतं, ते शिरत नाही. कमी ऑक्सिजनच्या टापूतच याचा उपयोग.

चाळणीवाली
कवच आधी नीट धुतलं असेल तर!